पाचवा मुद्दा

उद्या पर्यावरण भूगोलाचा पेपर. मी घोकत होते: ‘दरड कोसळण्याची पूर्वलक्षणे लिहा.’ चार मुद्दे तोंडपाठ, पाचवा काही केल्या आठवेना. इतक्यात आतल्या खोलीतून आईची हाक आली, “अहो, दार पुन्हा अडकलं! बाळ नुकतंच झोपलंय, हळू उघडा.” बाबा सुतार, स्वतःच्याच घरचं दार अडकलं म्हणजे नाकच कापलं गेलं. “पावसानं लाकूड फुगतंय,” रंधा हातात घेत ते पुटपुटले. “कालच तर रंधा मारला. परवाही मारला!” मी पुस्तक उघडलं. पाचवा मुद्दा समोरच होता. “बाबा, डोंगर सरकू लागला की घरांच्या चौकटी तिरक्या होतात. दारं अडकतात.” बाबांनी काटकोन तपासायचा गुण्या चौकटीला लावला. कोपऱ्यात बोटभर फट दिसली. मागच्या डोंगरावरून खडे पत्र्यावर टपटपले. “बाळाला उचल, दारापासून लांब हो!” बाबा दाराआडच्या आईला ओरडले. रंधा टाकून त्यांनी कुऱ्हाड उचलली.