वरची ओळ

"माझा आवाज कुठं गेला?" हेडफोन कानाशी दाबत भिवा शाहिरांनी विचारलं.

जन्मभर फडात एकाच माइकवर गायलेल्या शाहीर आणि गजराबाई या दोघांचा अल्बम निघत होता. स्टुडिओत मात्र त्यांना काचेच्या दोन खोल्यांत बसवलं होतं. शाहिरांच्या उंच सुरातल्या वरच्या ओळीला जत्रा फेटे उडवायची. आता त्यांच्या एकट्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं, तर त्या ओळीवर नुसती धाप ऐकू येत होती.

"गजरा, कधीपासनं?"

"तुमच्या छातीच्या दुखण्यापासनं," काचेपलीकडून गजराबाई खालमानेनं म्हणाल्या. "तुम्ही तोंड उघडलं, की मी सूर लावायची."

शाहीर माइकपासून मागं सरले. मग म्हणाले, "आता एकटीच म्हण."

"एकटीला सूर न्हाई लागत."

ढोलकी पुन्हा सुरू झाली. वरची ओळ आली. शाहिरांनी गजराबाईंकडं बघत नुसतंच तोंड उघडलं.