मुका कळप

"आई, मेंढरं गेली!"

थिमिओस धापा टाकत अंगणात शिरला तेव्हा वासिलो पातेलं घासत होती. नवऱ्याला, लांब्रोसला, मातीआड करून अकरा दिवस झाले होते. अंगावर काळं, डोक्याला काळं. तिचे हात तसेच राखेत राहिले.

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"झऱ्यावर मेंढरांच्या पाण्याच्या डोणी साफ करत होतो. वळून बघतो तर धुकं. हाका मारल्या, शीळ घातली. वरच्या अंगाला असणार, कड्यापाशी. एकशे चाळीस मेंढरं आई, आणि आवाज म्हणून नाही!"

आवाज येणार कुठून? घंटा सगळ्या दाराआड पोत्यात पडलेल्या. आमच्या डोंगरात घरातलं माणूस गेलं की कळपाच्या गळ्यातल्या घंटा चाळीस दिवस उतरवून ठेवतात. आपल्या मेंढरांची घंटा कानावर पडली की मेलेला उठायला बघतो म्हणे. त्याला निजू द्यावं. थिमिओस म्हणाला होता, निदान मुर्गोसची तरी राहू दे. मुर्गोस म्हणजे म्होरक्या एडका, त्याच्या घंटेमागे सगळा कळप चालतो. पण वासिलो ऐकते कसली! दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कोंदिलोचा भाऊ गेला आणि तिने विसाव्या दिवशीच घंटा बांधल्या, तेव्हा हिनेच चार बायकांत तिला धुऊन काढलं होतं. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. आता स्वतःच्या घरी सूट घ्यायची कोणत्या तोंडाने?

"कुत्री कुठायत?"

"मेंढरांबरोबरच. लांडगा आल्याशिवाय तोंड उघडायची नाहीत. आणि ती भुंकली की मेंढरं उधळणार. उधळली की खाली दरीच आहे."

वासिलोने पोतं ओतलं. मुर्गोसची घंटा सगळ्यांत मोठी, पितळेची, पट्ट्याला लांब्रोसच्या हाताची गाठ. गाठीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. घंटेची जीभ मुठीत घट्ट धरून ती चढावर निघाली. गावातून जाताना ती वाजू नये, एवढी लाज अजून शिल्लक होती.

वरच्या कुरणात धुकं दुधासारखं दाट होतं. वासिलोने हात वर केला आणि घंटा घणाघणा हलवली.

"असं नको, आई!" थिमिओसने तिचा हात पकडला. "ही पळती घंटा झाली. लांडगा मागे लागल्यावर वाजते तशी. वाटच लावशील त्यांची!"

तिने हळू हलवून पाहिली. पण घंटा एकाच ठेक्यात, न थांबता वाजत राहिली. असा कुठला एडका चरतो?

वासिलो खाली बसली. डोक्यावरचं काळं फडकं सोडलं आणि पट्टा आपल्या गळ्यात बांधला.

मग ती एडक्यासारखी चालू लागली. चार पावलं, थांबायचं, मान खाली घालायची, गवत ओढल्यासारखा एक हिसका, पुन्हा चार पावलं. चाळीस वर्षं संध्याकाळी दारात उभी राहून तिने कळप घरी येताना ऐकला होता. एडका चरतो कसा, तहानलेला असला की चालतो कसा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पासष्ट वर्षांची बाई मोकळ्या केसांनी कंबरेत वाकून कुरणात फिरत होती. मागे चालणाऱ्या थिमिओसला हसू फुटलं आणि लगेच रडू कोसळलं. त्याने तोंडात मूठ कोंबली.

बऱ्याच वेळाने धुक्यात कुणीतरी शिंकलं. पहिला मुर्गोस आला. त्याने वासिलोच्या गळ्यातली घंटा हुंगली, माझी घंटा घालून ही कोण बया, अशा नजरेने तिच्याकडे बघितलं आणि निमूट मागे लागला. त्याच्यामागे एकेक करत बाकीची आली.

घंटा सोडून मुर्गोसला बांधेपर्यंत कळप पुन्हा धुक्यात पांगला असता. म्हणून गळ्यात घंटा तशीच ठेवून ती गावातून खाली आली. दारं उघडली. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी पोरांना आत ओढलं. वासिलोने कुणाकडे पाहिलं नाही.

मेंढवाड्याच्या दाराशी थिमिओस मोजत होता. शेवटची आत गेली तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"तीन कमी आहेत. दोन गाभण होत्या त्यात. मी जातो, घंटा दे."

"तुला जमायचं नाही. माझ्यामागे आली ती, माझ्यामागेच येतील."

भिंतीपलीकडे कोंदिलो उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं.

"वासिलो, माझ्या वेळी काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आठवतं."

"सांग की मग! काय म्हणाली होतीस?"

"म्हटलं होतं, मेलेल्याला ऐकू जातं. तो उठायला बघतो." वासिलो भिंतीजवळ आली. "चुकलं माझं, कोंदिलो. तुझी मेंढरं तुझ्या भावाला सांभाळायची नव्हती, तुला सांभाळायची होती."

धुकं आता खालच्या घरांपर्यंत उतरलं होतं. वासिलोने गळ्यातला पट्टा सरळ केला आणि पुन्हा चढाकडे वळली.

"अगं, पण त्याला ऐकू जाईल ना!" कोंदिलोने मागून हाक मारली. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"जाऊ दे," वासिलो म्हणाली. "उठला तर उठू दे. दोघं मिळून शोधू."

चार पावलं. मग थांबली. मग पुन्हा चार पावलं.