तेराचा पाढा

"फौजदारीण, सुरू करू का?" बाथरूममधून ढोल्या ओरडला.

"कर. आणि मोठ्याने. गाडी येऊन थांबलीय."

आत नळ सुटला. अकराचा पाढा सुरू झाला.

ताई दाराबाहेर स्टूल टाकून बसली. दाराला कडी नव्हती. मागच्या महिन्यात ढोल्या, तिचा धाकटा भाऊ, आत गप्प झाला होता. दार फोडलं तर तोंड निळं, मुठीत रिकामी पुडी. नवीन दार बसलं त्याच दिवशी तिने स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडी काढून टाकली आणि नियम केला. आत आहेस तोवर पाढे म्हणायचे. आवाज बंद झाला की मी आत येणार. अंगावर कपडे असोत नाहीतर नसोत.

अकरा वाजेपर्यंत त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पोचवायचं होतं. एकच खाट रिकामी झाली होती. उशीर झाला तर ती दुसऱ्याला, असं तिथल्या मॅडमनी दोनदा बजावलं होतं. साडेदहा होत आले होते.

केंद्रात नाडी चालत नाही. बुटाची लेससुद्धा नाही. म्हणून ती त्याच्या पायजम्यातली नाडी काढून इलास्टिक घालत होती. बारा वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, पण एवढी कंबर तिने कुणाचीच आत घेतली नव्हती. नावाचाच ढोल्या. इलास्टिक कापायला तिने पिन दातात धरली.

बाराचा संपला. तेराचा लागला.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. तिची कात्री वाकडी गेली.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती एक्याण्णव..." ढोल्या खोकला. "तेरा आठी... तेरा आठी एकशे दोन."

कालही इथेच आपटला होता गाढव. तिला हसू आलं, पण दातात पिन, म्हणून नुसतंच नाकातून.

"एकशे चार रे, घोड्या! शाळेत काय झोपा काढायचास?"

तिचा हात जागच्या जागी थांबला.

ती बोललीच नव्हती. पिन अजून दातात होती. आवाज आतून आला होता. तिचाच.

"बरं बाई, एकशे चार. चिडू नको," आतला ढोल्या म्हणाला. "तेरा नवे..."

तिने दार ढकललं.

बादली भरून वाहत होती. खिडकीच्या काचा एकेक करून काढलेल्या, टॉवेलवर नीट रचून ठेवलेल्या. एकही फुटली नव्हती. टॉवेल कोरडा. साबण कोरडा. साबणाच्या शेजारी त्याचा फोन, भिंतीला टेकवून उभा केलेला, पाढे म्हणत.

ती खिडकीशी धावली. मागची गल्ली रिकामी. दोन्ही बाजूंना बघितलं. कुत्रंसुद्धा नाही.

बाहेर परत हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

तिने खिशातून आपला फोन काढला. त्याचा नंबर लावला.

चौदाचा पाढा मध्येच तुटला. साबणाशेजारचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर नाव आलं. फौजदारीण नाही.

नुसतं, 'ताई'.