साहेब मुलाखतीला तयार झाले

"आमच्याकडे म्हातारी माणसं शांत झोपतात, हा काय गुन्हा झाला?" संचालक म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

साऊंडवालीच्या अंगाची लाही लाही झाली. हेडफोनमधून त्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की हा माणूस आपल्या कानातच बसून खोटं बोलतोय असं तिला वाटलं. कॉलरला बिनतारी माइक तिनंच लावला होता. लावताना मनात आलंच होतं, कॉलर हातात आलीये तर मानगूटच का धरू नये? पण ती कामावर होती.

कॅमेऱ्यामागे कॅमेरामन होता आणि संचालकासमोरच्या खुर्चीत सर, म्हणजे दिग्दर्शक. या वृद्धाश्रमावर माहितीपट करायचा त्यांनी वर्षभर ध्यास घेतला होता. संध्याकाळ झाली की इथल्या म्हाताऱ्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या जात. का, तर अख्खा मजला एकाच आयाला सांभाळता यावा. मग कुणी गुंगीत पलंगावरून पडे, कुणी सकाळी उठतच नसे. घरच्यांना कळवलं जाई, वय झालं होतं. आणि घरचे निमूट मान डोलवत. तिला त्यांचाही राग यायचा.

"झोपतात की झोपवता?" सर गरजले.

"पुरावा आहे?"

"तुमच्याच इथल्या माणसाची साक्ष आहे. चेहरा न दाखवता दिलेली."

संचालकाचं हसू मावळलं. "कोण तो?"

"तो की ती, तेही सांगणार नाही. जीभ छाटलीत तरी नाही!" सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की पाण्याचा ग्लास हिंदकळला.

मीटर लाल पट्ट्यात गेला. एरवी तिनं आवाज कमी केला असता. आज मुद्दाम तसाच ठेवला. पोटात साचलेला संताप कुणीतरी आपल्या वतीनं ओरडून बोलत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं.

ती साक्ष तिच्या वहिनीची होती. वहिनी इथेच नर्स होती. खिडकीकडे पाठ करून, चेहरा अंधारात ठेवून तिनं सगळं सांगितलं होतं. सांगेपर्यंत हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. खरं तर ती तयारच नव्हती. आधी एका आयानं तोंड उघडलं, तर याच संचालकानं तिच्यावर एका आजींच्या बांगड्या चोरल्याचा आळ घातला. ती बाई अजून तुरुंगात होती.

"माझं तसं झालं तर पोरीला कोण बघणार?" वहिनी म्हणाली होती. "तुझा दादा असता तर गोष्ट वेगळी."

"मी आहे ना, वहिनी. आणि आमच्या सरांना तू ओळखत नाहीस. मरतील, पण नाव ओठांवर येऊ देणार नाहीत."

"बघ हं. तुझ्या भरवशावर बोलतेय."

संचालक मात्र काही केल्या कॅमेऱ्यासमोर येत नव्हता. पत्रं झाली, फोन झाले, एकदा तर त्यानं सगळ्यांना दारातून हाकलून लावलं. त्याच्याशिवाय फिल्म लंगडी पडेल, म्हणून सरांची झोप उडाली होती. आणि मग मागच्या आठवड्यात सर हात चोळत आले. "साहेब मुलाखतीला तयार झाले!"

"कसे काय?" तिनं विचारलं.

"बोलायची हातोटी लागते, बाळ."

"सर भिंतीलाही बोलतं करतील," कॅमेरामन म्हणाला होता. सगळे हसले होते.

"मुलाखत संपली," आता संचालक ताडकन उठला आणि तरातरा बाहेर गेला.

"थांबा, मी बघतो," सरही उठले. "बिनसलं तर उद्या वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही." तेही त्याच्या मागोमाग गेले.

"काय फाडला सरांनी त्याला!" कॅमेरामन खूश होता. मग त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, तुझा माइक गेला की त्याच्याबरोबर!"

ती उठली. तेवढ्यात हेडफोनमध्ये बुटांचा आवाज आला आणि ती परत खाली बसली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बाहेर गेला की गरळ ओकेलच." तिनं रेकॉर्डिंग सुरूच ठेवलं. कुणाला तरी फोन करेल. गोळ्या लपवा म्हणेल. त्याच्या तोंडचं एक वाक्य मिळालं तरी पुरे, मग वहिनीच्या साक्षीची गरजच उरणार नाही. बोल ना, मेल्या, बोल.

दार लागलं. मग आवाज आला तो सरांचा.

"जरा जास्तच चढलो का मी? मनावर घेऊ नका. कॅमेऱ्यासमोर तेवढं करावं लागतं."

तिला हसू आलं. काय साखर पेरतायत! आता त्याला बोलतं करतील. तिनं कॅमेरामनला हातानं गप्प राहायची खूण केली.

"ते राहू द्या," संचालक म्हणाला. "मी दिलेला शब्द पाळला. बसलो तुमच्या कॅमेऱ्यासमोर, वाट्टेल ते ऐकून घेतलं. आता तुमचं बोला."

"हो हो, मी कुठे नाही म्हणतोय?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. नीट ऐकू येईना, म्हणून तिनं पातळी वाढवली.

"दुपारपाळीची नर्स. आमच्या साऊंडवालीची सख्खी वहिनी."