साध्या पाण्याची बाजू

दुपारी बाराच्या सुमाराला लाइट गेली आणि शेडमधले दोन्ही पंखे थांबले. निलमने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि ती शेडकडे धावली.

आत दोनशे ब्रॉयलर कोंबड्या होत्या. तलासरीजवळच्या त्या पाड्यावर तिने स्वतः वाढवलेली ही पहिलीच बॅच, आठ दिवसांत विक्रीला जायची. शेडच्या मधोमध जाळी लावलेली होती. डाव्या बाजूच्या शंभरांना पाण्यातून तुळस, आवळा आणि अश्वगंधेचा अर्क मिळत होता. उजव्या शंभरांना नुसतं साधं पाणी. कोंबडीपालन शिकवायला येणाऱ्या भारती मॅडमनी तसं ठरवून दिलं होतं. अर्काने उन्हाचा त्रास खरंच कमी होतो का, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. निलमने शब्द दिला होता आणि बारा दिवस तो पाळला होता.

आज वारा पडला होता. पत्र्याला हात लावता येत नव्हता. सगळ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख फाकवून धापा टाकत होत्या. साध्या पाण्याच्या बाजूची एक कलंडली. मग तिच्या शेजारची.

सासू, भिकी, ओली गोणपाटं घेऊन आली. दोघींनी ती शेडच्या बाजूंना टांगली. थोड्या वेळात ती वाळून कडक झाली.

"यांना पण दे ना ते औषध," भिकी म्हणाली.

"मॅडमनी नको म्हटलंय, आई."

"या मरतात ते तुझ्या मॅडमला दिसतंय काय?"

निलमने फोन लावला. भारती मॅडम वाणगावला दुसऱ्या कुणाच्या शेडवर होत्या. तिने सगळं सांगितलं.

"द्या, निलमताई. सगळ्यांना द्या. मी निघालेच."

बाटलीत होता तेवढा अर्क निलमने उजव्या बाजूच्या पाण्यात ओतला. एकीनेही तिकडे मान वळवली नाही. उठून प्यायचं बळच कुणात उरलं नव्हतं. मग निलम खाली बसली. एकीला मांडीवर घेतलं, चोच उघडली आणि कापडाच्या बोळ्याने थेंब थेंब आत सोडला. मग दुसरीला. भिकीही बसली. दोघींचे मिळून चार हात. नवी उचलून घ्यावी, तोवर आधी पाजलेली मान टाकून पडलेली असायची.

दोनच्या पुढे डाव्या बाजूलाही पहिली पडली. बारा दिवस अर्क प्यालेली. निलमने ती उचलली. अंग चटका बसावा इतकं गरम होतं. तिने ती खाली ठेवली आणि बोळा हातात धरून तशीच बसून राहिली. आता कुठल्या बाजूला वळावं, तेच तिला कळेना.

"बसलीस काय? पाज ना!" भिकी ओरडली. मग डावीकडे आणखी दोन पडताना तिने पाहिल्या. तिचा आवाज खाली आला. "नको. राहू दे."

तीन वाजून गेल्यावर लाइट आली. पंखे फिरायला लागले आणि खाली पडलेल्यांची पिसं त्या वाऱ्यावर हलू लागली.

भारती मॅडम स्कूटीवरून उतरल्या, तेव्हा अंगणात रास पडली होती. भिकीने दोन्ही बाजूंच्या एकत्रच ओढून टाकल्या होत्या. मॅडमनी पिशवीतून वही काढली, राशीकडे पाहिलं आणि वही परत आत ठेवली. ओट्यावर निलमशेजारी त्या टेकल्या.

"मॅडम, उजवीकडच्यांना सकाळीच दिलं असतं, तर काही वाचल्या असत्या?"

"माहीत नाही." त्या म्हणाल्या. "किती उन्हापर्यंत ते औषध पुरतं, तेच तर बघायचं होतं."

भिकी आतून लोटा भरून घेऊन आली. तिने तो मॅडमपुढे धरला.

"बघितलं ना आता," ती म्हणाली. "घे, पाणी पी. उन्हातून आलीस."

मॅडमनी लोटा घेतला आणि दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या.