गाडीचे नाव

रेल्वेगाड्यांना देवांची नावे द्यावीत की ‘तेजस’, ‘वंदे भारत’ यांसारखी नवी, यावर निरवांगीच्या त्या घरात बापलेकांचे कधीच एकमत झाले नाही. आबा देवांच्या बाजूने होते. बारामतीत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या संदेशच्या मते नाव ही केवळ खूण होती आणि ती काळानुसार बदलावी.

एकदा मुंबईहून परतताना गाडीतूनच आबांचा फोन आला. “छातीत लई दुखतंय,” एवढेच ते बोलले आणि संपर्क तुटला. संदेशने तत्काळ रेल्वेचा मदत क्रमांक लावला.

“आई, आबा कुठल्या गाडीत हायेत?”

“देवाच्या.”

“निम्म्या गाड्या देवाच्याच हायेत! नाव सांग!”

धोंडाबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला.

“तुज्या नावाम्होरं बापाचं नाव लावतोस न्हवं?” त्या कशाबशा म्हणाल्या. “त्येच.”

“सिद्धेश्वर एक्स्प्रेस!” संदेश फोनमध्ये ओरडला.

पुढच्याच स्टेशनवर डॉक्टर गाडीत चढले आणि आबा वाचले. दवाखान्यात बापलेकांचा जुना वाद पुन्हा रंगला, तेव्हा संदेशने प्रथमच आईचे मत विचारले.

“देवाचं ठिवा, न्हायतर नवं ठिवा,” धोंडाबाई म्हणाल्या. “कुणाच्या नवऱ्याचं तेवढं ठिवू नका.”