अध्यक्षांची सही

"वैमानिक इतके दमलेत, हे मला कुणी सांगितलंच नाही," सुनावणीत रणदिवेसाहेब नियामक अधिकाऱ्यांना म्हणाले. "ते काम सुरक्षाप्रमुखांचं होतं. त्यांना मी कालच घरी पाठवलं."

मागच्या रांगेत यामिनी कर्णिकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वस्त तिकिटांच्या या विमान कंपनीची ती सेक्रेटरी. संचालकांच्या प्रत्येक बैठकीत सुरक्षाप्रमुख कानीकपाळी ओरडायचे, आणि अध्यक्ष असलेले साहेब त्यांचं बोलणं हसण्यावारी न्यायचे. तिला तर सगळ्यांदेखत सांगायचे, "बाई, तुम्ही चहाचं बघा." तिने चहाचंही बघितलं आणि चार वर्षं शब्द न शब्द लिहूनही ठेवला. फोनवर बोलता बोलता साहेब तिच्या कागदांवर न वाचताच सह्या ठोकत राहिले. शेवटी गेल्या महिन्यात पेंगुळलेल्या वैमानिकाने विमान धावपट्टीवरून खाली घातलं.

"बैठकांची इतिवृत्तं आहेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आहेत की! पानापानावर माझी सही आहे. कर्णिकबाई, द्या."

यामिनीने हवं ते पान उघडूनच वही पुढे केली. अधिकारी मोठ्याने वाचू लागले, "सुरक्षाप्रमुख म्हणाले, वैमानिकांना झोप मिळत नाही, अपघात होईल. अध्यक्ष म्हणाले, पेंगले तर पेंगू देत, विमान वेळेवर सुटलं पाहिजे."

साहेब गर्रकन वळले. "हे लिहू नका म्हणून बजावलं होतं ना तुम्हाला!"

"तेही लिहिलंय, साहेब," यामिनी म्हणाली. "तुमच्या सहीच्या अगदी वरच्या ओळीत."